कुंद : माघातल्या फुलाचा माग

पुण्यातल्या एका रोपवाटिकेत काही वर्षांपूर्वी मी कुंदाचे रोप मागितले. तिथल्या माळ्याने क्षणभर विचार केला, आत जाऊन काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतले एक हिरवेगार रोप आणले आणि "हा घ्या कुंद" म्हणून हातात ठेवले. मी ते अंगणात पूर्वेच्या भिंतीलगत लावले. पावसाळ्यात त्याला फुले आली. पांढरीशुभ्र, पाकळ्या भिंगरीसारख्या एका अंगाला वळलेल्या. पान खुडले की दुधासारखा चीक. ती तगर होती.

तक्रार करायला मी गेलो नाही. गेलो असतो आणि माळ्याने विचारले असते, "मग कुंद कसा असतो ते सांगा," तर मला उत्तर देता आले नसते. कुंद पांढरा असतो, एवढेच मला ठाऊक होते. तेही झाडाकडे पाहून नव्हे. कुंदकळ्यांसारख्या दातांची उपमा शाळेत असल्यापासून वाचली होती म्हणून, आणि सरस्वतीच्या स्तोत्रात देवीच्या शुभ्रतेला पहिली तुलना कुंदाची आहे म्हणून. मागच्या पिढीत आळीत एखादी तरी कुंदा असायचीच. ज्या फुलावरून तिचे नाव ठेवले ते तिने पाहिले होते का, हे कोणी तिला विचारल्याचे आठवत नाही.

शब्द पाठ आणि झाड अनोळखी, अशी ही स्थिती. ती कशी आली, याचा शोध घ्यायचे ठरवले. शोधात आणखी एक प्रश्न पुढे आला. थंडीत फुलणारे, बागेत लावण्याजोगे सुगंधी झुडूप म्हणून कुंदाचे नाव घेतले जाते. पण कुंदाला खरोखर वास असतो का?

महिन्याच्या नावाचे फूल

आपल्याकडची सुवासिक पांढरी फुले वर्षभर पाळ्या लावल्यासारखी येतात. मोगरा उन्हाळ्याचा. जाई आणि जुई पावसाळ्याच्या. पारिजातक श्रावणात सुरू होतो आणि दिवाळी ओलांडून थोडा पुढे सरकतो. त्यानंतर थंडी पडते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि मोगऱ्याची झाडे मुकी होतात. या रिकाम्या जागी जुन्या लोकांनी कुंदाला बसवले होते.

अमरकोशात कुंदाला पर्यायी नाव दिले आहे : माघ्य. माघात होणारे ते माघ्य. माधवी जशी वसंताच्या नावाने ओळखली जाते तसा हा माघाच्या नावाने. कोशकाराने रंग, आकार, पाकळ्यांची संख्या असे काहीच सांगितलेले नाही. कधी फुलते एवढे सांगितले की ओळख पटेल, असा त्याचा विश्वास दिसतो. आजूबाजूला दुसरे काही फुलत नसेल तरच अशी ओळख पुरेशी ठरते.

पंचांगानेही ही ओळख जपली आहे. माघ शुद्ध चतुर्थीला आपण गणेश जयंती म्हणतो. त्याच रकान्यात बारीक अक्षरात 'तिलकुंद चतुर्थी' असे छापलेले असते. या दिवशी गणपतीला कुंदाची फुले वाहायची आणि तिळाचा नैवेद्य दाखवायचा. तीळ हे थंडीचे अन्न आणि कुंद हे थंडीचे फूल. त्या महिन्यात जे घरात आहे आणि जे दारात आहे तेच देवापुढे जाते. दुसऱ्या दिवशी वसंत पंचमी, म्हणजे सरस्वतीची तिथी. आदल्या दिवशी ज्या फुलाने गणपतीची पूजा झाली त्याच फुलाची उपमा दुसऱ्या दिवशी देवीला. आज बहुतेक घरांत या चतुर्थीला तिळाचे लाडू किंवा तिळाचे मोदक होतात. कुंदाच्या जागी शेवंती येते, नाहीतर जे मिळेल ते पांढरे फूल. नावातला अर्धा भाग पाळला जातो, उरलेला अर्धा नुसता वाचला जातो.

विष्णुसहस्रनामातही 'कुंद' हे एक नाव आहे. त्याच्या स्पष्टीकरणांपैकी एक असे की, कुंदाच्या फुलासारखा स्वच्छ तो कुंद. इथेही नजर आहे ती रंगावर.

कालिदासाची दिनदर्शिका

कुंद ओळखायचा तर आधी त्याचे वेळापत्रक हवे. ते मला वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाआधी कालिदासाकडे मिळाले. त्याच्या काव्यनाटकांतली सात ठिकाणे इथे एकापुढे एक मांडतो. ती मुद्दाम ग्रंथांच्या क्रमाने मांडलेली नाहीत, ऋतूच्या क्रमाने मांडली आहेत.

पहिले ठिकाण 'मेघदूता'तले. यक्ष रामगिरीवर अडकला आहे. हा रामगिरी म्हणजे आपल्या नागपूरजवळचा रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. आषाढाच्या तोंडावर तो ढगाला अलकानगरीचे वर्णन सांगतो. तिथल्या स्त्रियांच्या अंगावर सहाही ऋतूंची फुले एकाच वेळी असतात. हातात कमळ, केसांत कुंद, मुखावर लोध्राचा पराग, अंबाड्यात कोरांटीच्या जातीतले कुरबक, कानावर शिरीष आणि भांगात कदंब. टीकाकार मल्लिनाथाने त्यांची ऋतुवार वाटणी करून दिली आहे : कमळ शरदाचे, कुंद हेमंताचा, लोध्र शिशिराचा, कुरबक वसंताचे, शिरीष ग्रीष्माचे, कदंब वर्षेचा. कवीने इथे नुसता कुंद म्हटलेला नाही, 'बालकुंद' म्हटले आहे. हेमंतात, म्हणजे मार्गशीर्ष-पौषात, कुंद कोवळा असतो. बहर नुकता सुरू झालेला असतो.

दुसरे ठिकाण 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकातले. गर्भवती शकुंतला दुष्यंतापुढे उभी आहे. शापामुळे राजाला ती आठवत नाही, पण नजरही हलत नाही. तो स्वतःची तुलना पहाटेच्या भुंग्याशी करतो : समोर कुंदाचे फूल आहे, त्याच्या आत दव साचले आहे. भुंग्याला ते भोगता येत नाही आणि सोडवतही नाही. ही उपमा सुचायला फुलाच्या नळीत दव भरलेले पाहिलेले असावे लागते. हा काळ कडाक्याच्या थंडीचा.

तिसरे पुन्हा 'मेघदूता'तले, काव्याच्या शेवटाकडचे. माझे जीवित पहाटेच्या कुंदफुलासारखे सैल झाले आहे, ते सावरून धर, असे यक्ष मेघाला विनवतो. यातून दिवसाचे घड्याळ कळते. फूल रात्री उमलते आणि सकाळी देठापासून ढिले होते. हात लावला तरी गळते. चौथे ठिकाण त्याच काव्यातले, दशपुराचे, म्हणजे आजच्या मंदसोरचे. तिथल्या स्त्रियांचे डोळे कसे, तर कोणी कुंदाचे फूल फेकावे आणि भुंग्यांनी त्याच्या मागे धावावे, तसे.

पाचवे 'ऋतुसंहारा'तल्या वसंतवर्णनात. नववधूच्या विलासी हास्यासारख्या शुभ्र कुंदांनी उजळलेली उपवने विरक्त मुनीचेही मन ओढून घेतात. हेमंतातला बालकुंद वसंतात बागभर पसरला आहे. सहावे 'विक्रमोर्वशीया'त. वसंतातला वारा माधवीला भिजवतो आणि कुंदलतेला नाचवतो. राजाला तो स्नेह आणि दाक्षिण्य दोन्ही सांभाळणाऱ्या प्रियकरासारखा वाटतो. माधवीचे दिवस येत आहेत आणि कुंदाचे सरत आहेत, हे ध्यानात घेतले की स्नेह कोणाकडे आणि दाक्षिण्य कोणाकडे ते आपोआप कळते. सातवे 'मालविकाग्निमित्रा'त. विरहाने फिकट झालेली, मोजके दागिने घातलेली मालविका राजाला कशी दिसते, तर वसंताने पाने जून झालेल्या आणि थोडीच फुले उरलेल्या कुंदवेलीसारखी.

सात ठिकाणे मिळून पूर्ण हंगाम उभा राहतो : मार्गशीर्षात कळी, पौषात दव, माघ-फाल्गुनात भर, चैत्रात जून पाने आणि उरलीसुरली फुले. या काळाच्या मधोमध माघ येतो. अमरकोशातले नाव किती नेमके आहे ते इथे पटते.

आणखी एक गोष्ट लक्षात येते. या सातही ठिकाणी डोळा आहे, दव आहे, भुंगा आहे, वारा आहे. वासाचा शब्द एकाही ठिकाणी नाही. कालिदासाला वासाचे वावडे होते असे मुळीच नाही. त्याच 'मेघदूता'त क्षिप्रेवरचा पहाटवारा कमळांच्या परिमळाने भारलेला आहे. कुंदापाशी मात्र तो वासाबद्दल बोलत नाही. भुंगा पाठवतो आणि गप्प राहतो.

वासाची साक्ष

वैद्यांकडे वळलो. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त फुलांचा स्वतंत्र वर्ग आहे. त्यात कुंद शीत आणि लघु सांगितला आहे. कफ, डोकेदुखी, विष आणि पित्त यांवर उपयोगी. इथेही गंधाचा उल्लेख नाही. पर्यायी नावे दोन दिली आहेत. एक अमरकोशातलेच माघ्य. दुसरे 'सदापुष्प', म्हणजे नेहमी फुलणारे. ही दोन नावे एकमेकांशी भांडतात. जे नेहमी फुलते त्याला माघातले का म्हणावे? हा तिढा मी बाजूला ठेवला. तो पुढे अनपेक्षित ठिकाणी सुटला.

सुगंधाच्या शास्त्राकडे आपल्याकडे दुर्लक्ष झाले होते असे म्हणता येत नाही. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीचा अध्याय आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या उपभोगांमध्ये विलेपन, माल्य आणि धूप यांना वेगवेगळी प्रकरणे दिली आहेत. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेदा'त झाडाला विशिष्ट माती, लेप आणि पाणी देऊन फुलांचा गंध बदलण्याचे प्रयोग आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांना तिथल्याच हस्तलिखितांत गंगाधराचा 'गंधसार' आणि त्यासोबत 'गंधवाद' हा ग्रंथ सापडला. 'गंधवादा'वर जुनी मराठी टीका आहे. म्हणजे अत्तरे, तेले, उटणी यांची चर्चा मराठीतून करणारी माणसे होती. या परंपरेचा पुढचा धागा असलेल्या अत्तरांच्या दुकानात आज मोगरा मिळतो, चमेली मिळते, जुई, केवडा, गुलाब मिळतो. कुंदाचे अत्तर मागून पाहा. दुकानदार पुन्हा नाव विचारेल.

परदेशातला अनुभवही असाच आहे. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या बागांमध्ये हे झुडूप कुंपणाला आणि भिंतीवर भरपूर लावतात. तिथे त्याला 'डाउनी जॅस्मिन', लवदार चमेली, म्हणतात, आणि ते जवळजवळ बिनवासाचे असल्याचे बागकामाची पुस्तके सांगतात. आपल्याकडचे लोक मात्र त्याला मंद सुगंधी म्हणतात. दोघांपैकी एक बाजू खोटी असायलाच हवी असे नाही.

फुलाचा वास म्हणजे त्यातून उडून जाणारी तेलद्रव्ये. ती किती उडतील हे बऱ्याच अंशी हवेच्या उष्णतेवर ठरते. वैशाखातल्या रात्री जमीन तापलेली असते, मोगरा घरभर होतो. पौषातल्या पहाटे तेच द्रव्य फारसे उडत नाही. जे उडते ते थंड, जड हवेत झाडाजवळच रेंगाळते. शिवाय या कुळातली लांब नळीची पांढरी फुले रात्रीच्या पतंगांसाठी असतात, त्यामुळे त्यांचा वास संध्याकाळपासून पहाटेपर्यंतच असतो. सकाळी नऊला चहाचा कप हातात घेऊन बागेत जाणाऱ्याला कुंदाचा वास येणार नाही. मोगऱ्याचा वास आपल्याला शोधत येतो. कुंदापाशी अंधारात उठून, वाकून जावे लागते. कालिदासाने वासाची साक्ष भुंग्यावर सोडली यात मला आता चूक वाटत नाही.

नावांची सरमिसळ

युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हाती कुंद पडला तेव्हा त्याच्या नावाचा गुंता आणखी वाढला. १७६८ मध्ये निकोलास बुर्मान या डच वनस्पतिज्ञाने आपल्या 'फ्लोरा इंडिका'त त्याला 'निक्टँथिस मल्टिफ्लोरा' असे नाव दिले : रात्री फुलणारे, पुष्कळ फुलांचे. 'निक्टँथिस' ही प्रजाती लिनियसने १७५३ मध्ये मांडली होती आणि तिच्यात पारिजातक आणि मोगरा दोघांनाही बसवले होते. पारिजातकाचे शास्त्रीय नाव 'आर्बोर-ट्रिस्टिस', म्हणजे दुःखी झाड. हे झाड युरोपला या नावाने सविस्तर सांगितले ते गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने, १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात. सूर्यावर प्रेम करून जळून गेलेल्या राजकन्येच्या राखेतून हे झाड उगवल्याची कथा त्याने नोंदवली आहे. फुलाच्या केशरी देठांनी अन्नाला रंग देतात हेही. अशा रीतीने कुंद, मोगरा आणि पारिजातक काही काळ कागदावर सख्खे भाऊ झाले. पुढे मोगरा आणि कुंद 'जॅस्मिनम'मध्ये गेले आणि पारिजातक मागे राहिला. कुंदाचे आजचे नाव 'जॅस्मिनम मल्टिफ्लोरम'. त्याला 'प्युबेसेन्स', लवदार, असेही एक नाव मिळाले होते, आणि इंग्रजी अमदानीतल्या ग्रंथांत तेच रूढ होते.

या 'लवदार' शब्दाने माझे काम सोपे केले. रंगावरून कुंद ओळखता येत नाही, पण पान आणि देठ पाहून येतो. जाईचे पान संयुक्त असते, एका देठावर पाच-सात-नऊ पर्णिका. जुईचे पान तीन दलांचे. त्यातली बाजूची दोन अगदी चिमुकली, कानाच्या पाळीसारखी. मोगऱ्याचे आणि कुंदाचे पान साधे, समोरासमोर जोडीने येणारे. पण कुंदाच्या कोवळ्या फांदीवरून बोट फिरवले की मखमलीसारखी लव लागते. फुलाच्या खाली हिरव्या पुष्पकोशाचे दोऱ्यासारखे बारीक, लवदार फाटे सुटलेले असतात. पाकळ्या अरुंद, टोकदार, चांदणीसारख्या. तगरीसारखा चीक नाही. हे मला आधी माहीत असते तर त्या माळ्याची आणि माझी दोघांचीही सोय झाली असती.

कुंदाचे थंडीतले स्थान जाण्याला बागेच्या इतिहासातलेही एक कारण आहे. 'थंडीतली बाग' या शब्दांचा अर्थच एकोणिसाव्या शतकात बदलला. इंग्रजांना आपल्याकडचा हिवाळा हा आपल्या देशातल्या उन्हाळ्यासारखा वाटे. तिकडची फ्लॉक्स, पॅन्सी, स्वीट पी अशी वर्षायू फुले इथे ऑक्टोबरात पेरून जानेवारीत बहराला आणता येत. पश्चिम भारताची कृषी-उद्यानविद्या संस्था १८३० मध्ये स्थापन झाली. पुण्याची एम्प्रेस गार्डन तिच्याकडे आहे आणि तिथले पुष्पप्रदर्शन जानेवारीच्या शेवटी भरते. मी दरवर्षी जातो, आनंदाने जातो. कुंडीतली ती रंगीत फुले हंगामापुरती असतात. मार्चमध्ये उपटायची, पुढच्या वर्षी नवे बी आणायचे. या मांडणीत वर्षाचे आठ महिने नुसते हिरवे राहणाऱ्या आणि थंडीत पांढरी चांदणी दाखवणाऱ्या झुडपाला जागा उरली नाही. ते कुंपणाकडे सरकले.

भाषेनेही थोडा दगा दिला. फार्सीतून मराठीत आलेला दुसरा एक 'कुंद' आहे. त्याचा मूळ अर्थ बोथट. त्यावरून आपण 'कुंद हवा' म्हणतो, म्हणजे मळभाची, कोंदट हवा. ज्याला शुभ्र, गार, पहाटेचे फूल ठाऊक नाही त्याच्या कानाला 'कुंद' म्हटले की आधी हे मळभच आठवते. बेळगावचा कुंदा तर आणखी वेगळा. तो निदान गोड आहे.

देवळामागचे झुडूप

कुंद मला शेवटी भेटला तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावी, माघी गणपतीच्या उत्सवात. देवळामागच्या गडग्यावर एक झुडूप अर्धे वेलीसारखे पसरले होते. पहाटेचे साडेपाच वाजले असतील. गुरवकाका विजेरी काखेत धरून फुले परडीत घेत होते; खुडत नव्हते, फांदी नुसती हलवत होते आणि फुले गळत होती. सैल झालेले कुंदफूल ते हेच. मी फांदीवरून बोट फिरवले. लव लागली.

"काका, हा कुंद ना?"

"कुंद काय ते ठाऊक नाही बुवा. हा कागडा. माघी चतुर्थीला आम्ही हाच वाहतो. आजोबांपासून."

कागडा! हे नाव मुंबईकरांना अनोळखी नाही. दादरच्या फुलबाजारात वसई-पालघरकडून मोगऱ्याबरोबर कागडा येतो. गजरेवाल्या बायका तो रोज ओवतात. मोगरा कमी पडला, महाग झाला की गजऱ्यात कागड्याची भर घालतात, कारण तो पांढराफेक असतो आणि मोगऱ्याचा हंगाम नसतानाही हाताशी असतो. "ताई, हा कागडा आहे, वास कमी, पण टिकेल," असे सांगणारी प्रामाणिक विक्रेतीही भेटते. घरी येऊन उद्यानविद्येची पुस्तके उघडली. कर्नाटकात आणि तमिळ मुलखातही याच्याच जवळच्या नावाने, काकडा म्हणून, त्याची व्यापारी लागवड होते. पुस्तकात काकड्यापुढे शास्त्रीय नाव दिले होते : जॅस्मिनम मल्टिफ्लोरम, ऊर्फ प्युबेसेन्स.

भावमिश्राचा तिढा इथे सुटला. खतपाणी आणि छाटणी करून मळ्यात वाढवले की हेच झुडूप वर्षातला बहुतेक काळ फुलते, ते सदापुष्प. गडग्यावर, कुंपणावर, देवळामागे आपल्या मर्जीने वाढू दिले की थंडीची वाट पाहते आणि माघात भरून येते, ते माघ्य. वैद्याने दोन्ही पाहिले होते आणि दोन्ही नावे लिहून ठेवली होती. भांडण आपल्या वाचण्यात होते.

म्हणजे कुंद हरवला नव्हता. हरवले ते नाव आणि फूल यांच्यामधले नाते. पोथीतला शब्द वरच्या घरात राहिला : दात, देवी, सहस्रनाम, मुलींची नावे. फूल खालच्या बाजारात राहिले : परडी, टोपली, सुई, दोरा. ज्यांच्या बोटांतून ते रोज जाते त्यांना कुंद हा शब्द कोणी सांगितला नाही, आणि ज्यांना शब्द पाठ होता त्यांनी गजरा नाकाशी नेऊन नाव विचारले नाही. मी स्वतः दुसऱ्या गटातला. कागड्याचा गजरा मी अनेकदा विकत घेतला होता. त्याच पिशवीत कधी कधी 'मेघदूता'ची प्रतही असायची.

गुरवकाकांनी दिलेल्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. वीतभर लांबीच्या, पेन्सिलीएवढ्या जाड फाट्यांची दोन पेरी मातीत आणि दोन वर, अशी पाच कलमे लावली, तीन जगली. दाबकलमही सहज होते : जमिनीलगतची फांदी वाकवून मातीत दडपून ठेवायची आणि मुळे फुटली की तोडायची. जागा उन्हाची हवी. सावलीत पाने माजतात, फुले रुसतात. पाण्याचा नियम मी वराहमिहिराचा पाळतो. नव्या झाडांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, थंडीत एक दिवसाआड, पावसाळ्यात जमीन सुकली तरच पाणी द्यावे, असे त्याने 'बृहत्संहिते'त सांगितले आहे. पुण्याच्या काळ्या मातीत थंडीतले एक दिवसाआडही जास्त होते, म्हणून बोट खुपसून पाहतो. छाटणी चैत्रात, शेवटची फुले गळाल्यावर. मालविकेसारखी जून पाने दिसू लागली की कात्री काढायची. पावसाळ्यानंतर छाटले तर थंडीतल्या कळ्याच कापल्या जातात. पहिल्या वर्षी ती चूक मी केली.

गेल्या पौषात पहिली फुले आली. पहाटे पाचला अंगणात गेलो. वास जाणवला नाही. गुडघे टेकून नाक अगदी फुलाशी नेले. गार दव आधी नाकाला लागले आणि मग तो आला : मोगऱ्यापेक्षा पातळ, गोडसर, जरासा हिरवा. मान उचलली की नाहीसा. पुन्हा वाकलो की पुन्हा आहे. आत पत्नी जागी झाली होती. काय शोधताय म्हणून तिने विचारले. मी फांदी हलवली, ओंजळभर फुले घेऊन तिच्या हातावर ठेवली. तिने वास घेतला आणि म्हणाली, "अहो, हा तर कागडा!"

तगर अजून पूर्वेच्या भिंतीलगत आहे. तिला काढली नाही. तिच्या शेजारी आता कुंद आहे, आणि या माघातल्या चतुर्थीला तिळाच्या लाडवांबरोबर परडीत काय ठेवायचे हा प्रश्न आमच्या घरापुरता तरी उरलेला नाही.